पंधरा कोसांची गोष्ट

मराठी भाषा अजून घोड्यावरून खाली उतरलेली नाही. आपण उतरलो, त्याला मात्र दोन-तीन पिढ्या लोटल्या. कचेरीत कागद पुढे सरकला नाही की आपले घोडे अडते. उशिरा सुचलेल्या शहाणपणाला आपण वरातीमागून घोडे म्हणतो, निरुपयोगी माणसांच्या गर्दीला खोगीरभरती म्हणतो, आणि परीक्षा तोंडावर आली की घोडामैदान जवळच आहे असे मुलाला बजावतो. जन्मात ज्याने रिकिबीत पाय घातला नाही असा गृहस्थही आरामखुर्चीत मांड ठोकून बसतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे ही आपली दूरची घरे तर घोड्यांच्या टापांमागूनच वसली. गोव्यात शिगम्याच्या दिवसांत घोडेमोडणी निघते. कमरेला लाकडी घोडा बांधून, तलवार उगारून माणसे नाचतात. घोडा गेला, पण त्याचा आकार कमरेशी राहिला. भाषेतही तसेच काहीसे झाले आहे.

आमच्या घरी मात्र आकारापेक्षा थोडे अधिक राहिले होते. बडोद्याच्या जुन्या घराच्या माजघरात, देवघराच्या डाव्या हाताला, एका खुंटीवर खोगीर टांगलेले असे. चामडे काळवंडून लाकडासारखे झालेले, आतला नमदा उंदरांनी कुरतडलेला, एक रिकीब हरवलेली. दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्याची पूजा होई. झेंडूचे फूल त्याच्यावर ठेवले की वडील आम्हां मुलांना समोर बसवीत आणि आजोबांची गोष्ट सांगत. दरवर्षी तीच गोष्ट, बहुधा त्याच शब्दांत.

आजोबा गायकवाड सरकारच्या शेवटच्या शिलेदारांपैकी एक. शिलेदार आणि बारगीर यांतला भेद आज सांगावा लागतो. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीतल्या एका कोजागिरीला आजोबा कामगिरीवर संखेड्यास होते. तिन्हीसांजेला निरोप आला की, आई रात्र काढीत नाही. आजोबांनी खोगीर चढवले. ओरसंग ओलांडली, डभोई बाजूला टाकली, आणि पंधरा कोसांची ती वाट साडेतीन तासांत तोडून ते पाणीगेटातून शहरात शिरले. चंद्र माथ्यावर यायचा होता. पणजीने डोळे उघडले, मुलाच्या हातून गंगाजल घेतले, आणि पहाटे प्राण सोडला. "याला म्हणतात मांड!" असे म्हणून वडील थांबत. मग कुणीतरी विचारी, "पुढे?" "पुढे काळ बदलला. आजोबांनी शिलेदारी सोडली आणि कारकुनी धरली," एवढे सांगून वडील आपट्याची पाने वाटू लागत.

मी बँकेत कारकुनीच करून निवृत्त झालो. छप्पन्नाव्या वर्षी, पोट सुटू लागले म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. इतर माणसे अशा वेळी चालायला लागतात, मी घोड्यावर बसायला लागलो. लहानपणी थोडे शिकलो होतो, ते शरीराला आठवत होते. गुडघ्यांना मात्र आठवत नव्हते. दोन वर्षे गेली. एके दिवशी कानावर आले की, काही हौशी मंडळी आश्विन महिन्याच्या अखेरीस, दिवाळीच्या आधी, महीकाठच्या कोतरांत लांब पल्ल्याची रपेट ठरवीत आहेत. पल्ला ४० किलोमीटर. वयाची अट नाही, बक्षीस नाममात्र. ४० किलोमीटर म्हणजे अकरा कोस. माझ्या मनाने पहिला हिशेब केला तो असा: आजोबांच्या पंधरा कोसांत चारच कम. हा हिशेब मी कुणाला बोलून दाखवला नाही. परंतु पुढचे सारे त्या हिशेबातून झाले, म्हणून तो येथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

घोडी मिळाली ती एका वृद्ध दरबार गृहस्थांकडून. काठियावाडातून येऊन इकडे शेती करणारे हे गृहस्थ. लहानथोर सारे त्यांना बापू म्हणत. घोडीचे नाव ढेल. ढेल म्हणजे लांडोर. काठियावाडी घोड्याची ओळख त्याच्या कानांत असते. ते आतल्या बाजूला वळलेले असतात आणि घोडा सावध झाला की त्यांची टोके एकमेकांस टेकून कमान होते. ढेलच्या पाठीवर बसले की समोर सतत ती कमान दिसे. तिच्यातून पाहिलेला रस्ता हा मला आजवर दिसलेल्या रस्त्यांत सर्वांत सुंदर रस्ता वाटतो. बापूंनी मला चार महिने आपल्या शेताच्या बांधांवरून फिरवले. आधी नुसती पायचाल, मग दुडकी, मग लांब दुडकी. खरारा कसा करावा, तंग आवळताना कातडीची घडी आत कशी राहू देऊ नये, चंदी कधी द्यावी आणि कधी मुळीच देऊ नये, हे त्यांनी शिकवले. उपदेश असा एकच केला. रपेटीच्या आदल्या संध्याकाळी लगाम माझ्या हाती देताना ते म्हणाले, "भाई, घोडी कहे एम करजो." घोडी सांगेल तसे करा. मी मान डोलावली. आपल्याला जे ऐकायचे नसते त्याला मान डोलावणे सर्वांत सोपे असते.

या खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तो शर्यतीसारखा दिसतो आणि शर्यत नसतो. युरोपात एकेकाळी तो निव्वळ शर्यतच होता. १८९२ च्या ऑक्टोबरात जर्मन आणि ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना या दोन राजधान्यांमध्ये पैज लावली. जर्मन स्वार व्हिएन्नाकडे निघाले, ऑस्ट्रियन बर्लिनकडे. अंतर साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक. पहिला आलेला ऑस्ट्रियन काउंट स्टारहेम्बर्ग एकाहत्तर तासांहून थोड्या अधिक वेळात बर्लिनला पोहोचला. त्याचे कौतुक झाले. त्याचा घोडा मात्र त्यानंतर जगला नाही. त्या पैजेत असे पुष्कळ घोडे दगावले. पुढे १९५५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये वेंडेल रोबी नावाच्या गृहस्थाने काही सोबत्यांसह ताहो सरोवराच्या बाजूकडून ऑबर्न गावापर्यंत शंभर मैलांची डोंगरवाट एका दिवसात पार केली. तेथून आजच्या खेळाची परंपरा धरतात. त्या रपेटीत पहिला येणाऱ्याला चषक असतोच, पण पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो सर्वांत सुस्थितीत असेल त्यालाही वेगळा चषक दिला जातो. पूर्ण करणे हेच जिंकणे, हा या खेळाचा मंत्र आहे. आणि पूर्ण केले की नाही हे स्वार ठरवीत नाही, घोड्याची नाडी ठरवते.

ही नाडी म्हणजे सारा कायदा. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण तीस ते चाळीस असतात. दौडीत ते दोनशेपर्यंत जाऊ शकतात. फेरा संपवून आल्यावर ठराविक मिनिटांत ते ६४ वर किंवा त्याखाली यावे लागतात. न आले तर घोडा तेथेच बाद. मग पशुवैद्य हिरडीवर बोट दाबून सोडतो आणि पांढऱ्या पडलेल्या जागी रक्त किती वेळात परतते ते पाहतो. मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती लगेच सपाट झाली नाही तर अंगातले पाणी कमी झाले आहे. पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकतो. माणसाच्या पोटात गुरगुर झाली तर आपण संकोचतो, घोड्याच्या पोटात ती थांबली तर डॉक्टर गंभीर होतो. शेवटी घोड्याला हाती धरून दुडकीने पळवायचे, म्हणजे लंगडत असेल तर कळते. वेगालाही वरची मर्यादा होती. आम्हां नवशिक्यांपैकी जो ताशी १६ किलोमीटरपेक्षा जलद येईल तो बाद. आणि खालची मर्यादा अशी की, तपासणीची विश्रांती सोडून दोन्ही फेऱ्यांना मिळून पाच तासांहून अधिक वेळ लागता कामा नये.

साडेसहाला आम्ही अठरा-वीस स्वार निघालो. शरदातली पहाट महीकाठी फार थोडा वेळ टिकते. कोतरांच्या तळाशी धुक्याची पातळ साय होती. वर एरंडाची शेते, कापसाची बोंडे नुकती फुटू लागलेली, तुरीला पिवळी फुले. कोतर म्हणजे नदीने शतकानुशतके मातीत केलेले नक्षीकाम. वाट कधी दोन पुरुष उंच भिंतींमधून जाते, कधी एकदम वर येते आणि क्षितिजापर्यंत सारे मोकळे दिसते. गांड्या बावळीच्या काट्यांनी दोन्ही बाह्या ओरबाडल्या. एका वळणावर नीलगायींचा कळप उभा होता. ढेलच्या कानांची कमान घट्ट झाली आणि पुन्हा सैल झाली. मी काही करावे लागले नाही. घोड्यावर बसल्यावर माणसाला पहिल्या तासात जो शहाणपणा येतो तो टिकता, तर जगातील पुष्कळ दुःख कमी झाले असते.

पहिले २० किलोमीटर एक तास पन्नास मिनिटांत झाले. मी उतरलो, तंग सैल केला, मानेवर आणि पायांवर पाणी ओतले. नाडी सहाव्या मिनिटाला ५८. डॉक्टरीण तरुण होती. तिने ढेलला पळवून पुन्हा ठोके मोजले, कार्डावर लिहिले आणि म्हणाली, "काका, घोडी छान आहे. ऊन वाढणार आहे. पुढचा फेरा हळू घ्या." मी पुन्हा मान डोलावली.

चाळीस मिनिटांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर दुसरा फेरा सुरू झाला, तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. आश्विनातले ऊन फसवे असते. पावसाळा नुकताच सरलेला, जमिनीत ओल, आणि वर ग्रीष्माची आठवण करून देणारा ताप. अंगातून वाफ निघते, पण घाम वाळत नाही. अशा उन्हात पंचविसाव्या किलोमीटरला एका कॉलेजकुमाराने मला मागे टाकले. त्याने हात वर करून "चला काका!" असे अगदी आदराने म्हटले. त्या आदरानेच घात केला. मला एकाएकी आठवले की आजोबांनी पंधरा कोस साडेतीन तासांत, म्हणजे ताशी जवळजवळ १६ किलोमीटरांनी तोडले होते, तेही रात्री, वाटेत कोठेही न थांबता. आणि त्यांचा नातू दिवसाउजेडी काका झाला होता! मी टाच लावली. ढेल धावली. ती धावते तेव्हा पाठीवर पाण्याचे भांडे ठेवले तरी हिंदकळणार नाही. मी त्या मुलाला गाठले, मागे टाकले, आणखी दोघांना मागे टाकले. त्या दहा-बारा मिनिटांत मला जे वाटले त्याला आनंद म्हणावे की गर्व, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

मग वाट नदीच्या वाळूत उतरली. वाळूत घोड्याला प्रत्येक पाऊल दोनदा उचलावे लागते. मी वेग कमी करायला हवा होता, केला नाही. वाळू संपून चढ लागला तेथे पाण्याच्या टाक्या ठेवल्या होत्या. माझ्या घड्याळाप्रमाणे ३३ किलोमीटर झाले होते, वेळ दोन तास पंचावन्न मिनिटे. सारे उत्तम. मी ढेलला टाकीपाशी नेले. तिने तोंड पाण्याला लावले आणि वर घेतले. प्याली नाही.

मला वाटले, तहान नसेल. पण तेवढ्यात चार महिन्यांपूर्वी बापूंनी सांगितलेले आठवले, आणि पुढे डॉक्टरिणीनेही तेच समजावून सांगितले. घोड्याच्या घामात आपल्यापेक्षा क्षार पुष्कळ जास्त असतात. पाणी आणि क्षार दोन्ही बरोबरच वाहून गेल्यामुळे शरीराला तहान लागल्याची खूणच पटत नाही. म्हणून ज्या घोड्याला पाण्याची सर्वांत अधिक गरज असते, तोच कधी कधी पाण्याला तोंड लावीत नाही. मी समोर पाहिले. कानांची कमान नव्हती. दोन्ही कान दोन दिशांना सैल पडले होते. घोडी केव्हापासून सांगत होती. मी मात्र तिला सोडून एका मेलेल्या माणसाचे ऐकत होतो.

मी खाली उतरलो. खोगीर काढले. टाकीतल्या पाण्याने तिला मानेपासून खुरांपर्यंत भिजवले, निथळले, पुन्हा भिजवले. मी मागे टाकलेले तिघेही यथावकाश येऊन गेले. कॉलेजकुमार थांबला. "काका, गाडी मागवू?" मी म्हटले, नको, पाहतो. वीस मिनिटांनी श्वास खाली आला. पाण्यात क्षारांची पूड कालवून दिली, ती तिने नाखुशीने चाटली. मग एकदम तोंड बुडवून पुष्कळ वेळ पीत राहिली. घोट तिच्या घशातून जाताना दिसत होते. एवढ्या समाधानाने मी दुसऱ्या कुणाला पाणी पिताना पाहिलेले नाही.

उरलेले सात किलोमीटर चालायचे ठरवले. या खेळात स्वाराने उतरून घोड्याबरोबर चालण्याला मनाई नाही. जाणते स्वार चढणीवर तसे करतातच. पण ते तिशीतले असतात आणि त्यांच्या पायांत चालण्याचे बूट असतात. माझे बूट रिकिबीसाठी होते. पहिल्या दोन किलोमीटरांत टाचांना फोड आले. खोगीर पुन्हा चढवले होते, तंग सैल ठेवला होता, लगाम खांद्यावर टाकला होता. ढेल माझ्या उजव्या खांद्यामागून चालत होती. मधून मधून तिचा उष्ण श्वास माझ्या कानावर येई. शेतात कापूस वेचणाऱ्या बायांनी आम्हांला पाहिले. एकीने काहीतरी म्हटले आणि सगळ्या हसल्या. घोडा असून पायी चालणारा माणूस हा सर्वत्रच विनोदाचा विषय असतो.

दीड किलोमीटर उरले तेथे शेवटची टाकी होती. मी घड्याळ पाहिले. पाच तास पुरे व्हायला बारा मिनिटे. ढेल पाणी प्याली. तिच्या कानांची कमान पुन्हा जुळली होती. मानेची कातडी चिमटीत धरली, सोडली. लगेच सपाट झाली. आता बसलो असतो तर सात-आठ मिनिटांत पोहोचलो असतो. कार्डावर 'पूर्ण' असा शिक्का मिळाला असता, तो मी फ्रेम करून खोगिराच्या शेजारी लावला असता. हे सारे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले, फ्रेमच्या रंगासकट. मी रिकिबीत पायही घातला. ढेल हलली नाही. ती बसू देण्यास तयार होती. तिने कधीच नकार दिला नसता. तेच मला सहन झाले नाही. जे नाही म्हणू शकते त्याच्याशी झुंज घेता येते. जे नाही म्हणतच नाही त्याच्यापुढे माणसाला स्वतःच नाही म्हणावे लागते. मी पाय काढला आणि चालू लागलो.

दहा मिनिटे उशीर झाला. ठोके ५२. आतड्यांचा आवाज उत्तम, चाल निर्दोष. डॉक्टरिणीने कार्डावर 'वेळेबाहेर' असे लिहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, गुण नाहीत. पण या खेळात शेवटी आम्ही एकच गोष्ट पाहतो. घोडा आणखी पुढे जाऊ शकेल का? तुमची घोडी आणखी एक फेरा जाऊ शकते. तुम्ही मात्र जाऊ शकत नाही." माझ्या टाचांतून रक्त येत होते. बापू टेकडीवर छत्री घेऊन बसले होते. ते आले, आधी ढेलच्या चारही पायांवरून हात फिरवला, मग माझ्या पायांकडे पाहिले, आणि काही बोलले नाहीत. त्यांनी लगाम घेतला, तेव्हा त्यांच्या हाताने माझा हात क्षणभर दाबला.

घरी सर्वांनी विचारले, "कितवा आलास?" बँकेतल्या जुन्या मित्रांनी विचारले, "कितवे आलात?" मुलाने पुण्याहून फोन करून विचारले, "बाबा, कितवे?" वेळेबाहेर, हे उत्तर तीनदा देऊन झाल्यावर मी थोडा खट्टू झालो होतो. दिवाळीचा फराळ घेऊन दांडिया बाजारात आत्याकडे गेलो. आत्या ब्याण्णव वर्षांची. दृष्टी गेली आहे, कान शाबूत आहेत. मी सारे सांगितले. ती ऐकत राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "आणि घोडी कशी आहे रे?"

"घोडी छान आहे, आत्या."

"मग बरे झाले." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "मोत्याचे तसे नाही झाले."

मी विचारले, मोत्या कोण?

"अरे, बाबांचा घोडा. कोजागिरीचा. तुम्हांला ती गोष्ट अर्धीच सांगत. तुझ्या वडिलांना पुढचे ठाऊक होते, पण दसऱ्याच्या दिवशी कोण सांगणार? मला माझ्या आईने सांगितले, तिच्या शेवटच्या आजारपणात." आणि ब्याण्णव वर्षांच्या आवाजात तिने उरलेली गोष्ट सांगितली. आजोबा दारात उतरले आणि तसेच आत धावले. घरातली सारी माणसे आत, आईच्या अंथरुणाशी. घोड्याला कुणी फिरवले नाही, खोगीर उतरवले नाही, पाणी दाखवले नाही. पहाटे पणजी गेली. आजोबा बाहेर आले तो मोत्या दारातच आडवा होता. खोगीर अंगावर तसेच. तो दुपारपर्यंत होता म्हणे. मग घरातून एका दिवशी दोन मरणे निघाली, पण रडणे एकाचेच चालले. शिलेदाराचा घोडा गेला म्हणजे शिलेदारी गेली. दुसरा घोडा घ्यायला सासरच्यांनी पैसे देऊ केले, आजोबांनी घेतले नाहीत. काळ बदलला नव्हता. काळ पुढे वीस वर्षांनी बदलला.

"आणि ते खोगीर?" मी विचारले.

"ते बाबांनीच खुंटीला लावले. दसऱ्याला पहिले फूल त्याला घालीत. देवीला नंतर. आम्हांला वाटे, पराक्रम केला त्याचे. आई म्हणाली, नव्हे ग, ते त्याला घालतात."

मी बराच वेळ बोललो नाही. घरी येताना मनात एक सोपा विचार आला होता: आजोबा चुकले, मी चुकलो नाही. रावपुऱ्याच्या गर्दीत येईपर्यंत तो विचार टिकला नाही. आजोबांच्या पंधरा कोसांच्या शेवटी त्यांची आई होती. माझ्या अकरा कोसांच्या शेवटी एक शिक्का होता. शिक्क्यावर पाणी सोडण्यात कसला मोठेपणा? माझी आई त्या अंथरुणावर असती तर मी ओरसंगच्या काठी उतरलो असतो काय? घोडीने कान पाडले म्हणून तिला वीस मिनिटे पाणी घातले असते काय? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही, आणि देता येत नाही हे बरेच आहे असे वाटते. आजोबांनी जे मिळवायचे ते मिळवले. त्याची किंमत ज्याने दिली त्याला ते विसरले नाहीत. उरलेले आयुष्य ते त्या खुंटीसमोर वागले. आम्ही मात्र त्या खोगिराचा पराक्रम केला आणि घोड्याचे नाव गाळले.

ढेल आता बापूंकडे आहे. मी आठवड्यातून दोनदा जातो. बहुतेक वेळा बसत नाही, बांधावरून तिच्याबरोबर चालतो. बापू म्हणतात, पुढच्या आश्विनात पुन्हा नाव घाला. घालीनही. मात्र चालण्याचे बूट घेतले आहेत.

येत्या दसऱ्याला नातवंडे पुण्याहून येणार आहेत. खोगीर मी पुसून ठेवले आहे. हरवलेली रिकीब सापडलेली नाही. फूल ठेवीन, मुलांना समोर बसवीन आणि तीच गोष्ट सांगेन: कोजागिरी, ओरसंग, डभोई, पाणीगेट. मग कुणीतरी विचारील, "पुढे?" आणि या वेळी मी आपट्याची पाने वाटायला उठणार नाही.